ते आंधळं, ते पांगळं, ते खुळं

डिसेंबर 2023 मध्ये निवडणूक आयोगाने देशातल्या सगळ्या राजकीय पक्षांना एक सूचनापत्र पाठवलं. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती. भाषणात, पत्रकात, जाहिरातीत, समाजमाध्यमांवर अपंग व्यक्तींना कमी लेखणारी भाषा वापरू नका, असं त्यात बजावलं होतं. कुणाला शंका राहू नये म्हणून आयोगाने उदाहरणंही दिली होती: गूंगा, पागल, सिरफिरा, अंधा, काना, बहरा, लंगडा, लूला, अपाहिज. हे शब्द सरकारी कागदावर असे ओळीने छापण्याची वेळ आली, कारण व्यासपीठावरून ते सर्रास ऐकू येत होते. ज्यांना उद्देशून ते फेकले जात होते त्या पुढाऱ्यांचे डोळे, कान, हातपाय शाबूत होते. म्हणजे शिवी एकाला दिली जात होती आणि ती बनवायला शरीर दुसऱ्याचं वापरलं जात होतं.

आपल्याकडची यादी याहून लांब आहे. सरकार आंधळं असतं, प्रशासन बहिरं असतं, विरोधी पक्ष पांगळा असतो, योजना लुळी पडते, मंत्री मुके होतात आणि जनता खुळी ठरते. ही वाक्यं बेफिकीर माणसंच लिहितात असंही नाही. अन्यायाविरुद्ध पोटतिडकीने लिहिणाऱ्यांच्या अग्रलेखांत, मोर्चाच्या घोषणांत, पथनाट्यांतही ती सापडतात. ज्याच्यावर राग आहे त्याला कसलं तरी न्यून चिकटवायचं असतं, आणि ते न्यून हाताशी तयार मिळतं. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक. त्या मोर्चात कुबडी घेऊन चालणारा कुणीतरी असतो, आणि 'पांगळ्या सरकारचा धिक्कार असो' असं त्यालाही ओरडावं लागतं.

पण मराठीत नुसती वर्ज्य शब्दांची यादी केली तर अर्धाच प्रश्न हाताला लागतो, कारण आपल्या भाषेत अपमान व्याकरणातही आहे.

मराठीला तीन लिंगं आहेत. तान्ह्या लेकराला, वासराला, पिल्लाला आपण 'ते' म्हणतो, आणि त्यात माया असते. 'पोरगं गोड आहे' या वाक्यात कुणाचाच अवमान होत नाही. मोठं झाल्यावर पोरगं 'तो' होतं किंवा 'ती' होतं, आणि मान द्यायचा असेल तेव्हा 'ते' किंवा 'त्या'. ही बढती मराठी समाज ज्याला त्याला वयाप्रमाणे, नात्याप्रमाणे, हुद्द्याप्रमाणे देतो. ज्यांना ती मिळत नाही अशी माणसं मात्र घरोघरी आहेत. चाळिशीचा पुरुष 'ते आंधळं' असतो. पन्नाशीची बाई 'ते पांगळं' असते. गल्लीतला तिशीचा तरुण 'ते खुळं' असतो. 'ते आले' आणि 'ते आलं' यांत फरक आहे तो एका मात्रेचा आणि अनुस्वाराचा. पहिल्या वाक्यात वडीलधारा माणूस दारात आलेला असतो, दुसऱ्यात जनावर किंवा वस्तू. अपंग माणसाच्या वाट्याला जन्मभर दुसरं वाक्य येतं.

दवाखान्यात हे सगळ्यात उघडं दिसतं. सेरेब्रल पाल्सी असलेली सज्ञान मुलगी समोर बसलेली असते आणि प्रश्न तिच्या आईला विचारला जातो, 'जेवतं का नीट? बोलतं का काही?' बँकेत रांगेतल्या सगळ्यांना 'अहो' म्हणणारा कारकून व्हीलचेअरवरच्या पदवीधराला सहज 'तू इथे सही कर' म्हणतो. हॉटेलात वेटर काळा चष्मा लावलेल्या गिऱ्हाइकाला वगळून शेजारच्याला विचारतो, 'यांना काय आणू?' यातला एकही शब्द आयोगाच्या यादीत नाही, शब्दकोशात तो शिवी म्हणून दिलेला नाही. तरीही समोरच्या माणसाला वगळण्याचं काम पूर्ण होतं.

लग्न जुळवताना हीच भाषा दबक्या आवाजात बोलली जाते. 'स्थळ चांगलं आहे, पण घरात एक तसलं आहे.' 'तसलं' म्हणजे काय हे कुणी विचारत नाही, सगळ्यांना कळतं. त्या शब्दामुळे बहिणींची लग्नं अडतात, भावांची अडतात, आणि म्हणून त्या घरातलं ते 'तसलं' पाहुणे आले की आतल्या खोलीत जातं. बाहेर हाका मारताना मूळ नाव गळून पडतं आणि लंगड्या, चकण्या, थोट्या, बहिऱ्या, बोबड्या हेच नाव होतं. शाळेत मास्तरही तीच हाक मारतात, मुलं हसतात, आणि ज्याला हाक मारली तोही हसतो, कारण न हसल्यास आणखी चिडवतील हे त्याने पहिलीतच ओळखलेलं असतं.

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण आपण अनागोंदी कारभारासाठी वापरतो. तिच्यातलं चित्र नीट पाहा. जात्यावर बसलेली व्यक्ती काम करते आहे, घाम गाळते आहे. पीठ कुत्र्याने खाल्लं. आजूबाजूला डोळस माणसं असणारच, त्यांनी कुत्रं हाकललं नाही. तरी हसू येतं ते दळणाऱ्याचं. कष्ट करणारी व्यक्ती इथेही नपुंसकलिंगात आहे, आणि कुत्र्याच्याच पंक्तीत. या म्हणीने किती पिढ्यांना अंध माणसाचं काम वायाच जाणार असं शिकवलं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

कुणी म्हणेल, संतांनीही हे शब्द वापरले. वापरलेच. एकनाथांच्या भारुडांत आंधळा आहे, बहिरा आहे, मुका आहे, पांगळा आहे. पण ती सोंगं बोलतात प्रथमपुरुषात. मी बहिरा झालो, मी मुका झालो, असं सांगणारा तिथे स्वतःच्या अज्ञानाची कबुली देतो, आणि ऐकणारा स्वतःला तपासतो. आपण त्या रूपकाचं तोंड फिरवलं आणि ते दुसऱ्यावर रोखलं. संतांचं नाव घेऊन आजच्या शेऱ्यांचं समर्थन करता येत नाही.

कायदा या बाबतीत समाजाच्या पुढे गेला आहे, निदान कागदावर. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते 21 केले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, विदर्भातल्या हजारो घरांना ठाऊक असलेला सिकलसेल, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती हे सगळे आले. शाळेत ज्यांना 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसवलं जात होतं, त्यातल्या कितीतरी मुलांना या कायद्याने पहिल्यांदा नाव दिलं आणि हक्क दिला. याच कायद्याचं 92 वं कलम आपल्या विषयाचं आहे. अपंग व्यक्तीला अपमानित करण्याच्या हेतूने, लोकांच्या देखत, जाणूनबुजून तिचा पाणउतारा केला किंवा तिला धमकावलं, तर किमान सहा महिने आणि कमाल पाच वर्षं कैद आणि दंड आहे. निवडणूक आयोगाने पक्षांना आठवण करून दिली ती याच कलमाची. मात्र त्यात हेतू सिद्ध करावा लागतो आणि घटना लोकांच्या नजरेसमोर घडलेली असावी लागते. माजघरातलं 'तसलं' आणि तपासणीच्या खोलीतलं 'जेवतं का?' त्याच्या हद्दीत येत नाही.

जुन्या कायद्यांची भाषा आठवली की आपण कुठून निघालो ते कळतं. 1898 चा 'लेपर्स ॲक्ट' कुष्ठरोग झालेल्या निर्धन माणसांना पकडून बंदिस्त ठेवण्याची मुभा देत होता. तो 2016 साली रद्द झाला, म्हणजे बहुऔषधी उपचारांनी कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागल्यालाही तेव्हा काही दशकं उलटली होती. जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागण्याची सोय आपल्या वैयक्तिक कायद्यांत 2019 पर्यंत होती. बाबा आमट्यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ काम सुरू केलं तेव्हा संस्थेच्या नावात 'महारोगी' हा त्या काळाचा शब्द घेतला, पण वस्तीला नाव दिलं आनंदवन. आज लोकांच्या तोंडी आहे ते वस्तीचं नाव. 1912 चा 'इंडियन लूनसी ॲक्ट' 1993 पर्यंत लागू होता. आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत, समवर्ती सूचीच्या 16 व्या नोंदीत, इंग्रजी मसुद्यात 'लूनसी' आणि 'मेंटल डेफिशियन्सी' हे शब्द अजून तसेच आहेत. मानसिक आरोग्याचा नवा कायदा 2017 साली आला, पण घटनेतली ती ओळ बदलावी असं संसदेला आजवर वाटलेलं नाही.

न्यायालयाने मात्र शब्दांकडे बारकाईने पाहिलं, आणि त्याला निमित्त झालं एका विनोदी चित्रपटाचं. 2023 मध्ये 'आँख मिचोली' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यात अल्झायमर झालेल्या वडिलांना 'भुलक्कड बाप', ऐकू न येणाऱ्याला 'साउंडप्रूफ सिस्टिम' आणि अडखळत बोलणाऱ्याला 'अटकी हुई कॅसेट' म्हटलं होतं. निपुण मल्होत्रा यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. ते स्वतः आर्थ्रोग्रायपोसिस या सांध्यांच्या जन्मजात स्थितीसह जगतात आणि अपंगांच्या हक्कांसाठी काम करतात. दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारदीवाला यांच्या पीठाने निकाल दिला. चित्रपटावर बंदी घालायला किंवा दृश्यं कापायला न्यायालयाने नकार दिला. अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य राखून त्याने पडद्यावरच्या चित्रणासाठी काही मार्गदर्शक तत्त्वं सांगितली.

त्यात दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. पहिली विनोदाबद्दल. अपंगत्वासह जगण्यातून निघणारा, लोकांचे गैरसमज उलटवणारा विनोद निराळा आणि माणसाला खाली पाडणारा विनोद निराळा, असा स्पष्ट फरक न्यायालयाने केला. अंध मित्र एकमेकांच्या फजितीवर पोट धरून हसतात, त्यात त्यांचा स्वतःच्या आयुष्यावरचा हक्क असतो. शेजारून जाणाऱ्याला तो हक्क मिळत नाही. दुसरी गोष्ट सहानुभूतीच्या शब्दांबद्दल. 'ग्रस्त', 'पीडित', 'बळी' अशी भाषा टाळा, असं निकाल म्हणतो, कारण ती सगळं दुःख त्या व्यक्तीच्या शरीरात ठेवते आणि नुसते जिने असलेली इमारत, उतार नसलेलं मतदान केंद्र, वाचता न येणारी प्रश्नपत्रिका यांना मोकळं सोडते. अंध माणसाला अंगभूत अतींद्रिय शक्ती असते वगैरे दंतकथाही नकोत, आणि निर्णय घेताना अपंग व्यक्ती टेबलाशी हव्यात, हेही त्यात आहे. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी अपंग व्यक्तींविषयीची स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तिकाही काढली. एवढं होऊनही पुढच्याच वर्षी स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या दुर्धर आजारावर आणि अपंगांवर रंगमंचावरून टिंगल केल्याचं प्रकरण न्यायालयासमोर आलं, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संबंधित विनोदवीरांना जाहीर माफी मागायला सांगावं लागलं.

आता शब्द बदलण्याच्या प्रश्नाकडे. 'खुळा', 'अर्धवट' या हाकांना पर्याय म्हणून 'मतिमंद' हा शब्द आला. तो सभ्य होता, शास्त्रीय वाटत होता, संस्थांनी अभिमानाने पाट्यांवर लिहिला. आज मैदानावर झेल सुटला की मुलं एकमेकांना तोच शब्द फेकून मारतात. मग 'गतिमंद' आला, 'विशेष' आला, आणि शाळेच्या बसकडे बोट दाखवून 'तू विशेष आहेस का रे?' हेही सुरू झालं. हे मराठीपुरतं नाही. इंग्रजीतले इडियट, इम्बेसाइल, मोरॉन हे एके काळी वैद्यकीय वर्गीकरणातले शब्द होते. त्यातला 'मोरॉन' तर हेन्री गॉडर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1910 साली ग्रीकवरून मुद्दाम घडवला होता.

ब्रिटनमधली एक हकिगत यात फार बोलकी आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठी तिथे 1952 साली 'स्पास्टिक्स सोसायटी' निघाली. 1981 मध्ये 'ब्लू पीटर' या मुलांच्या लोकप्रिय कार्यक्रमाने जोई डीकन यांची ओळख करून दिली. सेरेब्रल पाल्सीमुळे त्यांचं बोलणं फार थोड्यांना कळायचं, तरी मित्रांच्या मदतीने त्यांनी आत्मचरित्र लिहिलं होतं. हेतू आदराचा होता. परिणाम असा झाला की शाळाशाळांच्या मैदानांवर 'जोई' ही नवी शिवी झाली. 'स्पास्टिक' तर केव्हाच झाली होती. अखेर 1994 मध्ये संस्थेने नाव बदलून 'स्कोप' केलं. मुंबईत मिठू अलूर यांनी 1972 साली स्थापन केलेली 'स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया' हीदेखील आज 'अडॅप्ट' या नावाने ओळखली जाते.

यावरून काही विचारी माणसं असा निष्कर्ष काढतात की शब्द बदलण्यात अर्थ नाही, दृष्टी बदलेल तेव्हा शब्द आपोआप सुधारतील. मला हा युक्तिवाद पटत नाही. दृष्टी बदलायला पन्नास वर्षं लागतील असं धरलं, तर आज चौथीत असलेल्या मुलीने ती पन्नास वर्षं 'ए मतिमंद' ऐकत काढायची का? तिला उद्या शाळेत जायचं आहे. शब्द मळला की तो टाकायचा, नवा मळला की तोही टाकायचा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सोडून देता येत नाही.

पण नवा शब्द कोण निवडतो, हा प्रश्न उरतोच. 27 डिसेंबर 2015 च्या 'मन की बात' मध्ये पंतप्रधानांनी 'विकलांग' ऐवजी 'दिव्यांग' म्हणावं असं सुचवलं. काही महिन्यांत केंद्राच्या संबंधित विभागाचं हिंदी नाव बदललं, मग राज्यांचे फलक बदलले. महाराष्ट्राने डिसेंबर 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला. ते पाऊल चांगलंच होतं. पण शब्दाबद्दल अपंगांच्या संघटनांतून लगेच हरकत आली. आमच्या अंगात दिव्य असं काही नाही, आम्हाला रॅम्प हवा आहे, नोकरी हवी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनेही भारताच्या अहवालावर मत देताना हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. दुसरीकडे असंख्य लोकांना, विशेषतः गावाकडे, 'लंगड्या' नंतर कानावर पडलेला 'दिव्यांग' हा पहिला मानाचा शब्द वाटला, आणि त्यांची ती भावनाही खरी आहे. तिला खोटं ठरवण्याचा अधिकार शहरातल्या चर्चासत्रांना नाही.

माझं मत 'अपंग व्यक्ती' या साध्या शब्दाकडे झुकतं, म्हणून या लेखात तोच आहे. गौरवाच्या शब्दांची मला भीती वाटते. विदर्भातले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गेलेले, अवघं चौतीस वर्षांचं आयुष्य, त्यात शंभराहून अधिक ग्रंथरचना. आपण त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच विदर्भातल्या एखाद्या स्टँडवर पेन विकणारा अंध माणूस 'सूरदास' होतो, तोही थट्टेने, किंवा 'ए आंधळ्या' होतो. थोरपण सिद्ध केलं तर दिव्य, नाही केलं तर नपुंसकलिंगी, आणि या दोहोंच्या मधली साधी माणसाची जागा भाषेत शिल्लकच नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये कोलंबोत भारताच्या मुलींनी अंध महिलांचा पहिला टी-20 विश्वचषक जिंकला. स्पर्धेच्या नावात 'अंध' हा शब्द उघड होता आणि त्यात कुणाचा अपमान झाला नाही. मुंबईची राष्ट्रीय अंध संघ ही संस्था 1952 पासून त्याच नावाने उभी आहे. जे आहे ते सांगणाऱ्या शब्दाने माणूस दुखावत नाही.

वृत्तपत्रांनी अधिक दुखावलं आहे ते एका निरागस दिसणाऱ्या शब्दाने, 'असूनही'. 'अंध असूनही आयएएस', 'दोन्ही पाय नसतानाही पदवी', 'अपंगत्वावर मात'. दहावी-बारावीचे निकाल लागले की असे मथळे दरवर्षी येतात. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचं उदाहरण घ्या. 2016 साली लागलेल्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेच्या निकालात त्यांचा 773 वा क्रमांक आला. त्यांना रेल्वेची लेखासेवा मिळायला हवी होती, पण पूर्ण अंधत्वाचं कारण देऊन रेल्वेने नेमणूक नाकारली. त्या पुन्हा परीक्षेला बसल्या, 124 व्या आल्या आणि देशातल्या पहिल्या दृष्टिहीन महिला आयएएस अधिकारी झाल्या. बातमीत 'अंध असूनही' लिहिलं की अडथळा त्यांचे डोळे ठरतात. 'रेल्वेने नाकारलं तरीही' लिहिलं की अडथळ्याचं खरं नाव छापून येतं. 'असूनही' हा शब्द नकार देणाऱ्या कार्यालयाला लपवतो.

सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. 1972 मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक मिळवलं. पॅरालिम्पिकमधलं ते भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये, 46 वर्षांनी. 2024 मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला तेव्हा सगळीकडे त्यांच्या जिद्दीबद्दल लिहून आलं. त्या 46 वर्षांच्या मौनाबद्दल फार थोडं लिहिलं गेलं. त्याच सांगलीतल्या आटपाडी तालुक्याच्या सचिन खिलारींनी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं ते 16.32 मीटर फेकून. खेळाडूच्या बातमीत हा आकडा मथळ्यात असायला हवा.

'व्हीलचेअरला खिळलेला' हाही असाच एक छापील प्रयोग. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांच्या आत्मकथनाचं नाव 'चाकाची खुर्ची' आहे. चाकं असलेली वस्तू माणसाला खिळवत नाही, हिंडवते. खिळवतात त्या पायऱ्या.

मनाच्या आजारांबाबत तर आपण अजून फार निर्दय आहोत. 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याची तयारी दिसते', कोकणात 'रत्नागिरी', विदर्भात 'नागपूर'. राज्यातली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं टिंगलीचे वाक्प्रचार होऊन बसली आहेत. ठाण्याचं रुग्णालय 1901 पासून आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं उपचार घेऊन घरी परतली. पण ज्या घरात मुलाला स्किझोफ्रेनियाची पहिली लक्षणं दिसतात, तिथले आईबाप डॉक्टरकडे जाण्याआधी मांत्रिकाकडे, देवऋषीकडे जातात, त्याला हे हसणंही कारण आहे. येरवड्याचा केसपेपर हाती आला की मुलाचं नाव कायमचं बदलणार हे त्यांना ठाऊक असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' ने 2004 मध्ये स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाला पडद्यावर पूर्ण माणूस म्हणून उभं केलं. 'यलो' मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःची भूमिका स्वतः केली. असं काम मराठीत झालेलं आहे, ते फार विरळ आहे. दरम्यान इंग्रजी शिकलेल्या तरुणांनी नव्या शिव्या आणल्या: सायको, बायपोलर, ऑटिस्टिक. कपाट नीट लावणाऱ्या मैत्रिणीला 'तू ओसीडी आहेस' म्हणतात. ज्याला खरोखर ओसीडी आहे, हात धुता धुता ज्याची कातडी सोलली आहे, त्याने मग आपल्या त्रासाला काय म्हणावं?

'मूकबधिर' हा शब्दही जायला हवा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यातल्या बहुतेकांचा स्वरयंत्राशी काहीही प्रश्न नसतो. बोललेलं कधी ऐकूच आलं नाही म्हणून बोलणं शिकता आलं नाही, इतकंच. आणि हातांनी अस्खलित बोलणाऱ्या, भांडणाऱ्या, विनोद करणाऱ्या माणसांना मुकं म्हणणं वस्तुस्थितीला धरूनही नाही. 'कर्णबधिर' हा बरोबर शब्द रुळलेला आहे.

मग 'लंगडी' हा खेळ बंद करायचा का, 'आंधळी कोशिंबीर' चं नाव बदलायचं का, असं विचारलं जातं. माझ्या मते नको. तिथे कुणाचा दोष दाखवायला ते शब्द आलेले नाहीत. कथा-कादंबऱ्यांतल्या पात्रांनीही आपल्या तोंडची भाषा बोलावी. कथेतला गावगुंड 'दृष्टिबाधित व्यक्ती' म्हणाला तर ते खोटं वाटेल. पण निवेदकाचा आवाज लेखकाचा असतो, अग्रलेख संपादकाचा असतो, वर्गातली हाक शिक्षकाची असते. तिथे निवड करता येते. बेपर्वा सरकारला बेपर्वा म्हणता येतं, निगरगट्ट म्हणता येतं, कोडगं म्हणता येतं. हे शब्द अधिक नेमकेही आहेत, कारण ज्याला ऐकू येत नाही तो ऐकत नाही यात त्याचा गुन्हा नाही, आणि ज्याला ऐकू येतं तरी जो ऐकत नाही तो बहिरा नसतो.

या अंकाचे वाचक शाळांच्या संचालक मंडळांवर असतात, वृत्तपत्रांत काम करतात, दवाखाने चालवतात, बँकांच्या खिडकीमागे बसतात. तुमच्या गावातल्या एखाद्या शाळेच्या पाटीवर, कमानीवर, पावतीपुस्तकावर अजून 'मतिमंद' किंवा 'मूकबधिर' असेल, तर संस्थेला पत्र लिहा आणि नवं नाव ठरवताना तिथल्या विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांना विचारा, असा आग्रह धरा. काउंटरवर, तपासणीच्या टेबलापलीकडे प्रौढ माणूस बसला असेल तर सोबतच्या माणसाऐवजी त्याच्याशी बोला, आणि 'अहो' म्हणा. कुणी चारचौघांत अपंग व्यक्तीचा पाणउतारा करत असेल तर तो 92 व्या कलमाखाली गुन्हा आहे. त्याची तक्रार पोलीस ठाण्यात करता येते, आणि राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.